चारशे माणसांची काउंटी आणि तिची शाळा : आकडे कसे वाचावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक जिल्ह्यात काही वर्षे विज्ञान शिकवल्यानंतर तुम्हाला अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या सँडहिल्स भागातून, एका अगदी लहान स्कूल डिस्ट्रिक्टकडून, जे-१ (अदलाबदल कार्यक्रमाखालील तात्पुरत्या) व्हिसावर शिक्षिकेच्या नोकरीचा प्रस्ताव आला आहे. जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर त्या डिस्ट्रिक्टची लोकसंख्या चारशेच्या आसपास, दारिद्र्य १२ टक्के, कुटुंबाचे मध्यक उत्पन्न (म्हणजे उत्पन्नाच्या क्रमाने बरोबर मधल्या कुटुंबाचे) राज्याच्या मानाने बरेच कमी आणि एक चतुर्थांश घरे रिकामी, असे चित्र तुम्हाला दिसले. त्यावरून तुम्ही विचारता की, ही वस्ती गरीब आणि ओसरत चाललेली आहे का, दोन-तीन वर्षांत शाळा बंद पडेल का, आणि तिसरीत जाणारी तुमची मुलगी वर्गात एकटी पडेल का.

अमेरिकेच्या मध्यभागातील मैदानी राज्यांत लहान डिस्ट्रिक्टसाठी पटसंख्येचे अंदाज आणि अंदाजपत्रके तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगायचे तर, तुम्ही एकाच प्रश्नात तीन निरनिराळ्या गोष्टी गुंफल्या आहेत : माणसे किती आहेत, पैसा कोठून येतो आणि शाळा कशावर टिकते. मोठ्या शहरात या तिन्ही गोष्टी साधारणपणे एकत्र वरखाली होतात. चारशे माणसांच्या प्रदेशात त्या एकमेकींपासून बऱ्याच स्वतंत्रपणे चालतात, आणि म्हणून एकीचा आकडा पाहून दुसरीविषयी निष्कर्ष काढता येत नाही. तुम्ही डिस्ट्रिक्टचे नाव लिहिलेले नाही, ते योग्यच केले. मी त्याच भागातील आर्थर काउंटीचे उदाहरण घेऊन बोलतो (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा, राज्याच्या खालचा प्रशासकीय विभाग). तुमच्या डिस्ट्रिक्टची परिस्थिती काही बाबतींत वेगळी असेल, ती कोठे वेगळी असू शकते हेही सांगतो.

आधी एक खुलासा. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागासारखी वरून चालणारी शाखा नव्हे. ती सहसा एक स्वतंत्र स्थानिक शासनसंस्था असते : तिचे मंडळ निवडून येते, ते सुपरिंटेंडंटची, म्हणजे मुख्य प्रशासकाची, नेमणूक करते आणि मालमत्तेवर स्वतःचा कर लावते. १९३९-४० साली देशात अशा सुमारे १,१७,००० डिस्ट्रिक्ट होत्या. आज त्या १३,००० च्या आसपास आहेत. तुमची डिस्ट्रिक्ट एवढ्या विलीनीकरणांतून शिल्लक राहिलेली आहे, हे तिच्या लहानपणाइतकेच लक्षात घेण्यासारखे आहे.

आता तुम्ही पाहिलेले आकडे. त्यांतील बहुतेक आकडे दशवार्षिक जनगणनेचे नसून ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ या नमुना पाहणीचे असतात. लहान प्रदेशांत एका वर्षाचा नमुना पुरत नाही, म्हणून पाच वर्षांची उत्तरे एकत्र करून एक अंदाज प्रसिद्ध केला जातो. ज्या काउंटीत पावणेदोनशे-दोनशे घरे आहेत, तिथे हा अंदाज शेवटी काही डझन घरांच्या उत्तरांवर उभा असतो. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो ती भांड्यातील शिते एकसारखी शिजलेली असतात म्हणून. इथे तसे गृहीत धरता येत नाही. प्रत्येक आकड्याशेजारी ‘मार्जिन ऑफ एरर’, म्हणजे चुकीची संभाव्य मर्यादा, दिलेली असते, ती तुम्ही पाहिलेली दिसत नाही. समजा, १२ टक्के दारिद्र्याच्या शेजारी ‘अधिक-उणे ९’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ खरा आकडा ३ पासून २१ टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकतो, आणि हेही केवळ ९० टक्के विश्वासपातळीवर, म्हणजे साधारण दहापैकी एका वेळी तो याही बाहेर असू शकतो. अशा आकड्यावरून घर बदलण्याचा निर्णय घेऊ नये. शिवाय लागोपाठच्या दोन प्रकाशनांत पाचपैकी चार वर्षे सामाईक असतात; त्यामुळे गेल्या वर्षीपेक्षा दारिद्र्य वाढले किंवा घटले, अशी तुलना करणेही चुकीचे ठरते.

मग दशवार्षिक जनगणना तरी अचूक मानावी का? एकूण लोकसंख्येपुरती आणि काउंटीच्या पातळीवर ती बरीच भरवशाची आहे, परंतु २०२० पासून व्यक्तींची ओळख उघड होऊ नये म्हणून राज्याच्या खालच्या पातळीवरील आकड्यांत हेतुपुरस्सर थोडी सांख्यिकीय भेसळ केली जाते. नेब्रास्कातीलच मोनोवाय या गावाची लोकसंख्या २०१० मध्ये १ होती. २०२० च्या जनगणनेत ती २ छापून आली, प्रत्यक्षात मात्र तिथे एकच वृद्ध महिला राहत होती. दहा लाखांच्या शहरात हा एकाचा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. मोनोवायची लोकसंख्या मात्र कागदावर दुप्पट झाली. गावाची किंवा डिस्ट्रिक्टची वयोगटनिहाय कोष्टके वाचताना, विशेषतः ‘पाच वर्षांखालील मुले’ या रकान्यात, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

उत्पन्नाच्या आकड्यात याहून वेगळा घोटाळा आहे, आणि तो नमुन्याच्या आकाराचा नाही. सँडहिल्स हा गवताने स्थिरावलेल्या वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश आहे. तिथे नांगरट फारशी चालत नाही. गाई पाळून त्यांची वासरे विकणे हा मुख्य व्यवसाय. रँच, म्हणजे गुरे पाळण्याचे मोठे कुरण, चालवणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न म्हणून पाहणीत खर्च वजा जाता उरलेली निव्वळ रक्कम धरली जाते, आणि त्या खर्चात यंत्रसामग्रीचा घसारा, कर्जाचे व्याज, विकत घेतलेला चारा असे सगळे येते. दुष्काळाच्या वर्षी, जसे २०१२ मध्ये झाले, ही रक्कम उणेही जाऊ शकते. लाखो डॉलरची जमीन नावावर असलेले कुटुंब त्या वर्षी कागदावर दारिद्र्यरेषेखाली दिसू शकते. याउलट २०२४ च्या सुरुवातीला देशातील एकूण गुरांची संख्या १९५१ नंतरच्या नीचांकावर गेली होती, वासरांचे भाव चढले, आणि तीच कुटुंबे सुस्थितीत दिसू लागली. दोन्ही वेळा माणसे तीच, घरे तीच आणि शाळेत येणारी मुलेही तीच.

याचा अर्थ तिथे गरिबी नाही असा घेऊ नका. रँचवर पगारी काम करणारे, गावात एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया, दुकानात किंवा शाळेच्या स्वयंपाकघरात तुटपुंज्या तासांवर काम करणारे, यांची ओढाताण खरी असते. ती मध्यक उत्पन्नाच्या एका आकड्यात शोधू नका. सवलतीच्या किंवा मोफत जेवणास पात्र मुले किती, हे शाळेला विचारा. त्यालाही मर्यादा आहेत, कारण लहान गावात अर्ज भरायला लोक संकोचतात.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या मुळाशी जाऊ. आर्थर काउंटीची लोकसंख्या २००० मध्ये ४४४, २०१० मध्ये ४६० आणि २०२० मध्ये ४३४ होती. शंभर वर्षांपूर्वी ती यापेक्षा कितीतरी जास्त होती. केवळ १९२० ची आणि आजची टोके जोडून रेघ ओढली, तर ती थेट शून्याकडे जाताना दिसते, आणि वृत्तपत्रांत ‘मरणारी गावे’ म्हणून येणारे लेख बहुधा अशाच रेघेवर बेतलेले असतात. परंतु २००० ते २०२० या वीस वर्षांचे तीन आकडे पुन्हा पाहा. ती घसरण जवळपास थांबलेली आहे. का थांबली, ते गवताच्या हिशेबातून कळते.

१९०४ च्या किंकेड कायद्याने या भागात प्रत्येक अर्जदाराला ६४० एकर जमीन देऊ केली. ऐकायला ती प्रचंड वाटते, आणि त्या भरवशावर माणसे आलीही. पण सँडहिल्समध्ये एक गाय वर्षभर पोसायला ढोबळमानाने वीस एकरांच्या आसपास कुरण लागते. म्हणजे ६४० एकरांवर तीसेक गाई. त्यावर कुटुंब चालत नाही. म्हणून पुढील काही दशकांत शेजाऱ्याने शेजाऱ्याची जमीन घेतली, आणि जे टिकले त्यांच्या रँच मोठ्या होत गेल्या. आज केवळ रँचवर एका कुटुंबाचे बरे भागायचे असेल तर चारेकशे गाई हव्यात, म्हणजे सुमारे ८,००० एकर. आर्थर काउंटीचे क्षेत्रफळ साडेचार लाख एकरांच्या आसपास आहे. भागाकार करा : साठाच्या आतबाहेर रँच-कुटुंबे. त्यांत पगारी कामगारांची घरे, शाळेचे कर्मचारी, काउंटीच्या कार्यालयातील आणि रस्त्यांच्या खात्यातील लोक, टपाल कार्यालय, दुकान आणि निवृत्त मंडळी मिळवली की आपण चारशेच्या जवळपास पोहोचतो. हा हिशेब ठोकळ आहे, कारण काही रँच याच्या अनेकपट मोठ्या आणि काही लहान असतात, आणि लहान रँचवर पती-पत्नींपैकी एकजण बाहेर नोकरी करतो. पण त्यातून मला जे म्हणायचे आहे ते स्पष्ट होते : १९२० ची लोकसंख्या त्या जमिनीला न पेलणारी होती आणि आजची बऱ्याच अंशी पेलणारी आहे. तुम्ही जिथे जाणार आहात ती वस्ती मरणपंथाला लागलेली नसून आपल्या कुरणाच्या मापाला येऊन थांबलेली असण्याची शक्यता अधिक आहे.

‘शक्यता’ म्हणतो, कारण तीन गोष्टींवर ते अवलंबून असते. पहिली म्हणजे वारसा. तरुण मुले अठराव्या वर्षी कॉलेजला बाहेर जातात आणि त्यांच्यापैकी थोडी तिशीच्या आसपास परततात. त्या वेळी वडिलांनी कारभार सोडला आहे का आणि बाहेर गेलेल्या बहीणभावांचा हिस्सा विकत घेण्याइतके कर्ज परतणाऱ्याला मिळते का, यावर त्या घरात पुन्हा मुले नांदतील की नाही हे ठरते. वाटणीचा हा पेच तुम्हाला समजावून सांगायला नको. दुसरी गोष्ट म्हणजे दूरचे मालक. सँडहिल्समध्ये सीएनएन वाहिनीचे संस्थापक टेड टर्नर यांच्यासारख्यांनी बायसन (अमेरिकी गवे) पाळण्यासाठी मोठमोठ्या रँच घेतल्या. अशा जमिनीवर कर भरला जातो, परंतु पूर्वी जिथे पाच-सहा कुटुंबे होती तिथे एखादा व्यवस्थापक राहतो. तिसरी, तुमची डिस्ट्रिक्ट सँडहिल्सच्या काठावर, सिंचनाच्या मक्याच्या पट्ट्याला किंवा मोठ्या महामार्गाला लागून असेल, तर तिचे गणित बदलते, कारण तिथे रोज चाळीस-पन्नास मैल गाडी चालवून दुसरीकडे कामाला जाणारे लोकही राहतात.

पैशाकडे वळू. नेब्रास्कात मालमत्ता कर राज्य सरकार घेत नाही, तो पूर्णपणे स्थानिक संस्थांचा असतो आणि त्यातील सर्वांत मोठा वाटा शाळांकडे जातो. शेतजमिनीचे मूल्यांकन बाजारभावाच्या ७५ टक्क्यांवर केले जाते. केवळ प्रमाण कळावे म्हणून धरून चला की, साडेचार लाख एकरांचे करपात्र मूल्य सरासरी एकरी ५०० डॉलर आहे. एकूण मूल्य साडेबावीस कोटी डॉलर होते, आणि शंभर डॉलरमागे ६० सेंट कर लावला तरी शाळेला साडेतेरा लाख डॉलर मिळतात. विद्यार्थी शंभराच्या आसपास असतील, तर दरडोई रक्कम बऱ्याच शहरी डिस्ट्रिक्टना हेवा वाटावा अशी असते. राज्याच्या १९९० पासूनच्या अनुदान-सूत्रात अशी डिस्ट्रिक्ट ‘जमिनीने श्रीमंत’ ठरते, म्हणून तिला समानीकरणाचे, म्हणजे गरजेच्या मानाने कमी साधने असलेल्या डिस्ट्रिक्टना दिले जाणारे, अनुदान मिळत नाही. २०२३ च्या कायद्याने प्रत्येक विद्यार्थ्यामागे १,५०० डॉलरचे पायाभूत अनुदान मात्र सर्वांना लागू झाले. त्यामुळे रहिवाशांचे मध्यक उत्पन्न कमी आहे म्हणून तुमचा पगार थकेल किंवा प्रयोगशाळेत साहित्य नसेल, असे मानण्याचे कारण नाही. पगार करातून येतो, कर जमिनीवर आहे, आणि जमीन कोठे जात नाही.

यातली अडचण वेगळी आहे. कराचा बहुतांश भार साठेक कुटुंबांवर पडतो, त्यांच्यापैकी अनेकांची मुले मोठी होऊन गेलेली असतात, आणि शाळेच्या मंडळावर बहुधा तीच माणसे बसलेली असतात. नवीन छप्पर घालायचे की बस घ्यायची, हा निर्णय घेणारा माणूस त्याचे बिल कोणाच्या नावावर जाणार हे नेमके जाणतो. माझ्या मते या डिस्ट्रिक्ट काटकसरी असण्याचे हेच खरे कारण आहे. बाहेरून आलेल्या शिक्षकाला ही काटकसर कधीकधी गरिबी वाटते.

पैसा आणि माणसे वेगळ्या वाटांनी कशी जातात, याचे टोकाचे उदाहरण पाहायचे असेल तर टेक्सासमधील लव्हिंग काउंटी पाहा. २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ६४ होती, म्हणजे देशातील सर्वांत कमी. जमिनीखाली तेल आणि वायू असल्यामुळे करपात्र संपत्ती अफाट. तरीही मेंटोन या तिच्या एकमेव वस्तीतील शाळा १९७२ मध्ये, पट दोनवर आल्यावर, शेजारच्या विंकलर काउंटीतील विंक गावाच्या डिस्ट्रिक्टमध्ये विलीन झाली. १९९३ पासून टेक्सासमध्ये श्रीमंत डिस्ट्रिक्टकडून जास्तीचा महसूल राज्य काढून घेते, त्याचाही फटका अशा डिस्ट्रिक्टना बसतो. पैसा असूनही शाळा बंद होऊ शकते. मुले नसली की होतेच.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी लोकसंख्येवरून किंवा उत्पन्नावरून देणार नाही. ते वर्गनिहाय पटावरून मिळते. जे-१ वर शिक्षकाला सुरुवातीला जास्तीत जास्त तीन वर्षे आणि पुढे मंजुरी मिळाल्यास आणखी एक किंवा दोन वर्षे राहता येते. तुमच्यासाठी प्रश्न पाच वर्षांपलीकडचा नाही, आणि पुढील पाच वर्षांत त्या शाळेत बसणारी जवळजवळ सर्व मुले आधीच जन्मलेली आहेत. त्यांचा अंदाज बांधावा लागत नाही, ती मोजता येतात. सुपरिंटेंडंटना बालवाडीपासून बारावीपर्यंतचा गेल्या पाच वर्षांचा वर्गनिहाय पट मागा. एकच वर्ग तीन-चार वर्षे वर सरकत जाताना किती मुले गळतात आणि किती नवीन येतात, हे तिरपे वाचत गेल्यावर कळते. मग विचारा की, डिस्ट्रिक्टमध्ये शाळेत न आलेली पाच वर्षांखालील मुले किती आहेत. एवढ्या लहान वस्तीत त्यांना हा आकडा तोंडपाठ असतो, बहुधा नावांसकट. पुढच्या दोन-तीन वर्षांत प्रत्येकी चार-पाच मुले बालवाडीत येणार असतील, तर तुमच्या काळात शाळेला धोका नाही. सलग दोन वर्षे शून्य किंवा एक असेल, तर मी सावध होईन. आणखी एक गोष्ट याच वेळी विचारा : नेब्रास्कात १९८९ पासून ‘ऑप्शन एनरोलमेंट’ची सोय आहे, म्हणजे पालक मुलाला शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये घालू शकतात. बाहेरून आत किती येतात आणि आतून बाहेर किती जातात, यांतील फरक मला कोणत्याही पाहणीपेक्षा अधिक बोलका वाटतो. चार मुलांचे एक कुटुंब हलले तरी शंभराच्या पटात चार टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून एका वर्षाच्या चढउताराला मात्र घाबरू नका.

शाळा बंद होण्याचा निर्णय नेहमी गावातच होतो असेही नाही. नेब्रास्काच्या विधिमंडळाने २००५ मध्ये कायदा करून फक्त प्राथमिक वर्ग असलेल्या दोनशेहून अधिक ‘क्लास वन’ डिस्ट्रिक्ट २००६ मध्ये विसर्जित केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी तो कायदा रद्दही केला, परंतु तोपर्यंत त्या डिस्ट्रिक्ट संपलेल्या होत्या. बारावीपर्यंतचे वर्ग असलेली आणि जिच्यापासून जवळची दुसरी शाळा तीस-चाळीस मैलांवर आहे अशी डिस्ट्रिक्ट मात्र सहसा टिकते, कारण सहा वर्षांच्या मुलाला बर्फात दीड तास बसमध्ये बसवायला कोणतेच मंडळ राजी होत नाही. नकाशावर चहूबाजूंच्या शाळांची अंतरे मोजून पाहा. आजघडीला या शाळांपुढचे मोठे संकट पटापेक्षा शिक्षकांचे आहे. गणित, विज्ञान आणि विशेष शिक्षण या विषयांना माणूस मिळत नाही, आणि तुमच्यापर्यंत प्रस्ताव पोहोचला तो त्यामुळेच.

मुलीविषयी. वर्गात पाच ते दहा मुले असतील, कदाचित दोन इयत्ता एकत्र बसतील, आणि भारतीय कुटुंब बहुधा तुमचे एकच असेल. पहिले काही महिने अवघड जातील. त्याची दुसरी बाजू अशी की, एवढ्या लहान शाळेत नाटक, बँड, व्हॉलीबॉल या सगळ्यांसाठी प्रत्येक मूल लागते आणि कोणालाही बाहेर बसवणे परवडत नाही. सहा खेळाडूंचा फुटबॉल १९३४ मध्ये याच राज्यातील हेब्रन गावी सुरू झाला, तो अकरा मुले जमत नसलेल्या शाळांसाठीच.

शेवटी घराचा मुद्दा, कारण त्यात तुमची फसगत होण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. ‘२५ टक्के घरे रिकामी’ याचा अर्थ भाड्याने घर सहज मिळेल असा नाही. त्या रकान्यात शिकारीच्या मोसमापुरती उघडणारी घरे, मालक वृद्धाश्रमात गेल्यामुळे बंद असलेली घरे आणि दुरुस्तीवाचून पडून असलेली जुनी फार्महाउसे, सगळी मोजली जातात. रँचवरची चांगली घरे त्या रँचच्या कामगारांसाठी राखीव असतात. अनेक डिस्ट्रिक्ट म्हणूनच शिक्षकांसाठी स्वतःच्या मालकीची दोन-चार घरे ठेवतात. तुम्हाला त्यांपैकी एखादे मिळणार आहे का, त्याचे भाडे किती, हिवाळ्यातील गॅसचा खर्च कोणाकडे आणि तुमच्याकडे गाडी येईपर्यंत किराणा दुकानापर्यंत ने-आण कोण करणार, हे करारावर सही करण्यापूर्वी लेखी मागून घ्या.